चिकटवलेली वस्तू पुन्हा पुन्हा सुटते, तेव्हा आधी तुटलेला जोड पाहा

आमच्या घरातील एका चिनी मातीच्या कपाचा कान दोन वर्षांत चार वेळा निखळला. पहिल्यांदा तो झटपट चिकटणाऱ्या द्रव्याच्या एका थेंबाने बसवला, दुसऱ्यांदा त्याच द्रव्याच्या चार थेंबांनी, तिसऱ्यांदा दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून लावायचे इपॉक्सी आणून आणि चौथ्यांदा त्या इपॉक्सीवरच आणखी इपॉक्सी थापून. प्रत्येक वेळी दोष चिकटद्रव्याच्या माथी मारला गेला आणि आधीपेक्षा महाग नळी घरात आली. पाचव्यांदा कान हातात आला, तेव्हा भिंग घेऊन दोन्ही कडा पाहिल्या. कपाच्या बाजूला आधीच्या प्रयत्नांचे टणक, पिवळसर पापुद्रे एकावर एक बसलेले होते आणि कानाची बाजू धुऊन ठेवल्यासारखी कोरी होती. म्हणजे शेवटचे इपॉक्सी कपाला चिकटलेच नव्हते. ते जुन्या, आतून सुटत चाललेल्या थराला चिकटले होते आणि कानाच्या गुळगुळीत, चहाच्या ओशट डागांनी माखलेल्या कडेला त्याची पकड मुळीच बसली नव्हती.

तेव्हापासून माझा एक नियम झाला आहे. वस्तू सुटली की दुकानात जाण्यापूर्वी तुटलेला जोड उजेडात धरून पाहायचा, कारण चिकटद्रव्य कोणत्या बाजूला राहिले आहे, यावरून चूक कुठे झाली ते बहुधा समजते. सगळे द्रव्य एकाच बाजूला राहिले असेल आणि दुसरी बाजू कोरी असेल, तर पृष्ठभागाची तयारी किंवा द्रव्याची निवड चुकली आहे. द्रव्य दोन्ही बाजूंना असेल आणि तेच मधोमध फाटले असेल, तर ते नीट वाळलेले नाही, फार जाड लागले आहे किंवा पाण्याने व उष्णतेने मऊ पडले आहे. द्रव्य शाबूत असून शेजारचे लाकूड, प्लास्टिक किंवा भिंतीचा रंगच उपटून आला असेल, तर जोड उत्तम होता आणि चिकटद्रव्य बदलून काही साधणार नाही. भिंतीवरच्या हुकाचे असेच होते. चुन्याच्या किंवा भुरभुरणाऱ्या रंगावर लावलेला हूक पडतो, तेव्हा त्याच्या पाठीला रंगाचा गोल पापुद्रा चिकटलेला असतो. तेथे खिळा ठोकणे हाच मार्ग आहे.

एक बाजू कोरी निघते तेव्हा

याचे सर्वांत सामान्य कारण तेलकटपणा हे आहे. स्वयंपाकघरातील कोणत्याही वस्तूवर फोडणीच्या वाफेचा एक अदृश्य थर असतोच, आणि हाताळलेल्या वस्तूवर बोटांचे तेल असते. यासाठी एक सोपी चाचणी आहे. स्वच्छ केलेल्या काच, धातू किंवा चिनी मातीच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा. तो पसरला तर पृष्ठभाग तयार आहे, आणि अळूच्या पानावर राहतो तसा गोळा होऊन राहिला तर अजून ओशटपणा शिल्लक आहे. भांडी घासण्याच्या साबणाने धुणे, पूर्ण वाळवणे, १०० ते १५० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने खरवडणे आणि शेवटी स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसणे, हा क्रम पाळला तर निम्म्याहून अधिक तक्रारी तेथेच संपतात, असे मी अनुभवाने सांगू शकतो. पुसल्यानंतर त्या जागेला बोट लावू नये. हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण नेमका तोच मोह होतो.

दुसरे कारण प्लास्टिकची जात हे आहे, आणि येथे कितीही घासले तरी उपयोग होत नाही. बादली, मग, धान्याचे डबे आणि डब्यांची बिजागरीसारखी वाकणारी झाकणे बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असतात. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहावा: २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकांच्या पृष्ठभागाला कोणतेही द्रव धरवत नाही; चिकटद्रव्य त्यावर पसरण्याऐवजी गोळा होते आणि वाळल्यावर नखाने सालीसारखे निघते. नॉनस्टिक तव्याचा थर आणि सिलिकॉनची भांडी याच स्वभावाची आहेत. अशा प्लास्टिकसाठी प्रायमर, म्हणजे आधी लावायचा द्रव, आणि चिकटद्रव्य अशी एकत्र मिळणारी जोडी वापरता येते. पण तडकलेल्या बादलीसाठी तो खटाटोप परवडत नाही. तडकीच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या सुईने भोके पाडून तारेने शिवलेली बादली कोरड्या कामासाठी पुढे बरीच वर्षे चालते. पाणी भरायचे असेल, तर नवी बादली घ्यावी.

आकडा ३ असलेले पीव्हीसी आणि ६ असलेले पॉलिस्टायरिन मात्र वेगळ्या वळणाचे आहेत. पीव्हीसीच्या नळाला प्लंबर जे सॉल्व्हेंट सिमेंट लावतात, ते खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळते आणि विद्रावक उडून गेल्यावर तेथे एकसंध प्लास्टिक उरते. म्हणूनच त्या जोडात घट्ट बसणारे तोंड लागते, आणि फट असेल तर कितीही सिमेंट ओतले तरी नळ गळतच राहतो.

झटपट चिकटणारे द्रव्य आणि त्याच्याकडून केलेल्या अवाजवी अपेक्षा

फेविक्विकसारख्या नळीतील द्रव्याला सायनोॲक्रिलेट म्हणतात. अमेरिकेत १९४२ मध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती लागला, आणि तो दिसेल त्याला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. चिकटद्रव्य म्हणून तो विक्रीला आला तो १९५८ मध्ये. तो हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्यामुळे घट्ट होतो, म्हणूनच बोटांना सर्वांत आधी चिकटतो.

या द्रव्याची मोठी अट म्हणजे थर पातळ हवा. साधारण एक चौरस इंचाला एक थेंब पुरतो. अधिक द्रव्य घातले की ओलावा मधल्या भागापर्यंत पोहोचत नाही, बाहेरची कड कडक होते, आतला भाग ओला राहतो आणि वस्तू दुसऱ्या दिवशी हातात येते. फट भरायची असेल, तर फटीत आधी खाण्याचा सोडा दाबून भरावा आणि वरून थेंब सोडावा. तो क्षणात दगडासारखा होतो, मात्र त्या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड लांब धरावे.

हे द्रव्य सरळ ओढीला दाद देत नाही. पण ठोका, पीळ आणि कडेकडून उचकटणारे बळ यांपुढे ते काचेसारखे ठिसूळ ठरते. कप खाली ठेवताना बसणारे धक्के, धुताना मिळणारे गरम पाणी आणि चिनी मातीचा गुळगुळीत पृष्ठभाग यांच्यापुढे ते काही महिन्यांत हरते. आमच्या कपाचे पहिले दोन पराभव असेच झाले होते. आता तो कप कान बसवून मेजावर ठेवला आहे आणि त्यात पेन्सिली असतात. घरगुती इपॉक्सी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, हे लक्षात घेतले तर उकळत्या चहाने भरलेला कप चिकटवलेल्या कानाने उचलण्याचा हट्ट मी पुन्हा करणार नाही. शिवाय अन्न किंवा पेय जेथे लागते, त्या भागात सामान्य चिकटद्रव्य वापरूच नये.

द्रव्य मधोमध फाटले असेल तर

येथे इपॉक्सीचा एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. गाडीच्या पत्र्यावर लावायच्या लांबीमध्ये, म्हणजे पुट्टीमध्ये, हार्डनर (घट्ट करणारे द्रव्य) थोडा वाढवला की ती लवकर घट्ट होते, हे गॅरेजमध्ये पाहिलेले असते, आणि तोच हिशेब लोक इपॉक्सीला लावतात. इपॉक्सीमध्ये हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नसून निम्मा पदार्थ असतो. त्याचा प्रत्येक रेणू दुसऱ्या नळीतील राळेच्या रेणूशी जोडला जाणार असतो. म्हणून प्रमाण बिघडले की जे उरते ते कायमचे चिकचिकीत राहते, मग ते आठवडाभर उन्हात ठेवा. अराल्डाइटसारख्या दोन नळ्यांमधून समान लांबीच्या दोन रेघा एखाद्या जुन्या पत्त्यावर काढाव्यात, पूर्ण दोन मिनिटे कडांसह घोटाव्यात आणि पांढरट रेषा दिसेनाशा झाल्यावरच लावाव्यात. एम-सीलसारखी कणिक मळतानाही हाच निकष आहे: दोन रंगांचा एकही धागा दिसता कामा नये. लवकर घट्ट व्हायला हवे असेल, तर वस्तू ऊबदार जागी ठेवावी; तापमान दहा अंशांनी वाढले की लागणारा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. हाताला घट्ट लागणे आणि पूर्ण ताकद येणे यांत मोठे अंतर असते. साध्या इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला किमान २४ तास द्यावेत. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी सोयीचे असते, पण पाण्यात राहणाऱ्या जोडासाठी मी ते घेत नाही.

लाकडाची गोष्ट निराळी आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घरोघरी डुगडुगणारी एक तरी खुर्ची असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या जेवणाच्या खुर्चीचा मागचा पाय हलू लागला. पहिला उपाय नेहमीचा झाला, म्हणजे फटीत पांढरा गोंद सोडून वर कोणी तरी दोन तास बसले. आठवड्याने पाय पुन्हा हलू लागला. दुसऱ्यांदा तो सांधा पूर्ण सोडवला, तेव्हा कुसूवर, म्हणजे भोकात बसणाऱ्या लाकडी टोकावर, जुन्या गोंदाचा चकचकीत, नखाला न लागणारा थर होता आणि नवा गोंद त्यावर पांढऱ्या, दुधाळ खपलीसारखा सुटा पडलेला होता. पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनिल ॲसिटेट असते. लाकडाने त्यातील पाणी शोषून घेतले की बारीक कण एकमेकांत मिसळून लाकडाच्या धाग्यांत अडकतात. जुन्या गोंदाने बंद झालेले लाकूड पाणी शोषत नाही, आणि धागेही मोकळे नसतात. म्हणून जुना थर पात्याने खरवडून कोरे लाकूड दिसेपर्यंत घासावा लागतो. त्यासाठी गरम पाण्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले की काम सोपे होते, मात्र त्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

मग सांधा कोरडाच बसवून पाहावा. कुसू भोकात खुळखुळत असेल, तर पांढरा गोंद ती पोकळी भरून काढणार नाही. वाळताना तो आक्रसतो. त्याच लाकडाचा रंध्याने काढलेला पातळ पापुद्रा कुसूला लपेटून तो हाताच्या दाबाने घट्ट सरकेल इतका जाड करावा. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावावा. क्लॅम्प घरात नसेल, तर खुर्चीच्या चारही पायांभोवती सुतळीचा दुहेरी फास टाकून त्यात लाटण्यासारखी काठी अडकवावी आणि पीळ देत जावे. सांध्याच्या कडेने गोंदाचे बारीक मणी सगळीकडून सारखे बाहेर आले की दाब पुरेसा आहे, असे समजावे. ते मणी ओल्या फडक्याने लगेच पुसावेत, कारण वाळल्यावर त्या जागी पॉलिश धरत नाही. पीळ तसाच ठेवून खुर्ची एक दिवस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत दोन दिवस, कोणाला बसू न देता बाजूला ठेवावी. घरात हा शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो. पाहुणे नेमके त्याच दिवशी येतात.

आजोबांच्या काळातील पाट, देव्हारा किंवा पेटी असेल, तर आणखी एक शंका घ्यावी. फेविकॉल बाजारात आले ते १९५९ मध्ये. त्याआधी सुतार प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस गरम करून लावत, आणि तो जुन्या सांध्यांत तपकिरी, काचेसारख्या तुकड्यांच्या रूपात सापडतो. तो गरम पाण्याने विरघळतो, ही मोठी सोय आहे. सांधा न फोडता सोडवता येतो. त्यावर थेट पांढरा गोंद लावला, तर मात्र खुर्चीचेच नशीब त्याच्या वाट्याला येते.

न्हाणीघरातील किंवा गॅलरीतील लाकडी वस्तूला साधा पांढरा गोंद लावूच नये, कारण ओलाव्याने तो पुन्हा मऊ होतो. त्याचे पाण्याला टिकणारे प्रकार मिळतात, आणि डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

पावसाळ्यात उचलणारे सनमायका आणि सुटणारे तळवे

सनमायका, चामडे, रबर आणि फोम यांसाठी पिवळसर, उग्र वासाचे सिंथेटिक रबराचे सोल्युशन वापरतात. त्याची पद्धत इतर सर्वांच्या उलट आहे: दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर लावावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटे उघडा ठेवावा आणि मग एकदाच नेमका बसवून जोरात दाबावा. येथे दाबाचा जोर महत्त्वाचा असतो, तो किती वेळ ठेवला याला फारसे महत्त्व नसते. ओले असताना चिकटवले, तर आत अडकलेला विद्रावक पुढे फुगे आणतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर दवासारखे जमते. थर किंचित पांढुरका दिसतो आणि त्याची चिकटण्याची ताकद जाते. सनमायकाची कड जूनमध्ये चिकटवून ऑगस्टमध्ये उचलली असेल, तर संशयित हाच आहे. केस वाळवण्याच्या यंत्राने थर हलका गरम करून बसवला, तर हा दोष टळतो; मात्र विद्रावक पेट घेणारा असल्याने त्याची वाफ पूर्ण उडून गेल्यावर आणि खिडक्या उघड्या ठेवूनच हे करावे.

चपलेचा तळवा सुटला, तर झटपट द्रव्य वापरू नये. पावलागणिक वाकणाऱ्या जागी ते तडकते आणि त्याचा टणक थर पुढच्या दुरुस्तीत आड येतो. रबराचे सोल्युशनच योग्य आहे. पण तळव्याच्या कडेला नख लावून पाहावे: तो खडूसारखा किंवा ओल्या केकसारखा तुटत असेल, तर ते पॉलियुरेथेन आहे आणि हवेतील ओलाव्याने त्याचे आतून विघटन झाले आहे. खोक्यात जपून ठेवलेले, न वापरलेले बूट तीन-चार पावसाळ्यांनंतर लग्नाच्या दिवशीच भुगा होतात, ते यामुळे. त्यावर कोणतेही चिकटद्रव्य चालत नाही. तळवाच बदलावा लागतो.

हस्तकलेत द्रव्यच वस्तू खाते

येथे तक्रार उलट असते: जोड टिकतो आणि वस्तू बिघडते. थर्माकोलला रबराचे सोल्युशन किंवा साधे झटपट द्रव्य लावले की ते विरघळून खड्डा पडतो. त्याला पांढरा गोंदच लावावा. गणपतीच्या आराशीत आता थर्माकोलऐवजी पुठ्ठा आला आहे, आणि पुठ्ठ्याला एकाच बाजूने भरपूर गोंद लावला की तो रात्रीतून होडीसारखा वाकतो. गोंद थोडा घ्यावा, पसरून लावावा आणि दोन्ही बाजूंना कागद डकवावा, म्हणजे ओढ सारखी होते. खणाचे कापड डकवताना पातळ केलेला गोंद कापडातून वर येऊन काळपट डाग पडतो. गोंद पुठ्ठ्याला लावून तो किंचित सुकत आल्यावर कापड ठेवावे. मोती, खडे आणि काच यांच्याभोवती दुसऱ्या दिवशी पांढरे धुके दिसते, ती झटपट द्रव्याची वाफ जमलेली असते; खड्यांसाठी इपॉक्सी घ्यावे. आरसा चिकटवायचा असेल, तर शिरक्याचा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण त्यातील आम्ल आरशाच्या मागचा चांदीचा थर काळा करते. आम्लरहित सिलिकॉन मिळते, ते मागावे.

झटपट द्रव्य कापसावर किंवा सुती कापडावर सांडू देऊ नये. त्यामुळे ते इतके तापते की त्वचा भाजू शकते, आणि सांडलेले पुसण्यासाठी हात नेमका सुती फडक्याकडेच जातो. बोटे चिकटली, तर ती ओढू नयेत. कोमट साबणपाण्यात बुडवून एकमेकांवर हलके घोळवत सोडवावीत. थेंब डोळ्यात गेला, तर घरगुती उपाय न करता पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावे.

प्रेशर कुकरचा दांडा, गॅसची नळी, हेल्मेट आणि शिडीची पायरी या वस्तू मी कधीही चिकटवत नाही. त्यांचे सुटे भाग मिळतात, किंवा त्या टाकून द्याव्या लागतात.

आणखी एक सवय मला उपयोगी पडली आहे. दुरुस्त केलेल्या वस्तूच्या तळाशी पेन्सिलीने तारीख, वापरलेले द्रव्य आणि जुना थर काढला होता की नाही, एवढे लिहून ठेवतो. खुर्चीच्या बैठकीखाली आता ‘ऑगस्ट, पांढरा गोंद, कोरे लाकूड, ४८ तास’ असे लिहिलेले आहे, आणि कपाच्या तळाशी त्याच्या पाच दुरुस्त्यांची यादी जेमतेम मावली आहे.